आजीची ट्राम

दादरच्या खोदादाद सर्कलपाशी रस्ता ओलांडावयाचा म्हणून माझ्या नातवाने माझा हात घट्ट धरला होता. त्याचे वय ९ वर्षांचे आणि माझे ६८. तेव्हा कोणी कोणाचा हात धरावा, ह्याविषयी शास्त्राधार शोधू गेल्यास निर्णय बहुधा माझ्या बाजूने लागेल. परंतु गेल्या पावसाळ्यात ह्याच रस्त्यावर एका दुचाकीचा धक्का लागून मी पडलो, मनगट मोडले, आणि तेव्हापासून आमच्या घरी असा दंडक झाला की, आजोबांनी एकट्याने बाहेर पडू नये. सूनबाईंनी तो घातला त्यात मायाच होती. म्हणून मी मुकाट्याने मान तुकविली.

पलीकडच्या पदपथावर सुखरूप पोहोचल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, सगळे ह्या जागेला दादर टी. टी. म्हणतात. टी. टी. म्हणजे टेबल टेनिस का?"

मी म्हटले, "नव्हे रे. ट्राम टर्मिनस. येथे ट्रामगाडीचा प्रवास संपत असे."

"मग ट्राम कोठे आहे?"

"ती १९६४ साली गेली."

"आणि नाव तेवढे राहिले?"

"नदी आटली तरी घाटाला लोक घाटच म्हणतात," एवढेच मी बोललो. परंतु त्या प्रश्नाने जे आठवले ते त्या लहानग्यास सांगण्याजोगे नव्हते. ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्यांनी ट्राम पाहिली नाही अशांचीच संख्या आता घरोघर अधिक. म्हणून आधी तिचे थोडे वृत्त सांगितले पाहिजे. मुंबईत पहिली ट्राम धावली ती ९ मे १८७४ रोजी, आणि ती घोडे ओढीत असत. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून तेथेच येऊन मिळे. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून फिरताना घर्षण फार थोडे होते. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर जे ओझे ओढताना घोड्याच्या तोंडास फेस यावा, त्याच्या कितीतरी पट ओझे तो रुळांवरून सहज नेतो. ट्रामचे सारे शास्त्र मुळात एवढेच. पुढे ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि घोड्यांची सुटका झाली. डोक्यावरच्या तारेतील वीज टपावरच्या दांड्यावाटे खाली उतरे, यंत्र फिरवी आणि रुळांवाटे परत जाई. १९२० साली तर दुमजली ट्रामही आली.

अमरकोशात रस्त्याला 'रथ्या' असा एक शब्द आहे. रथ जाण्याजोगी ती रथ्या. हा शब्द शिकविताना मी मुलांना सांगत असे की, आपल्या पूर्वजांनी रस्त्याला वाहनावरून नाव दिले. परंतु रथ हा ज्याचा त्याचा. रथ नसेल त्याने बाजूस व्हावे. ट्राम हा सर्वांचा रथ. गिरणीतला कामकरी, कचेरीतला कारकून आणि पंचांग घेऊन निघालेले भटजी एकाच बाकावर बसत. आमचे पणजोबा ट्राममधून घरी आले की प्रथम स्नान करीत, असे घरात सांगतात. तथापि ट्रामने जावयाचे मात्र त्यांनी कधी सोडले नाही. धर्म आणि सोय ह्यांचा असा समेट आपल्या घराण्यांतून पुष्कळ झाला आहे.

आता आजीविषयी. १९६३ च्या सुमारास तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. माणूस तिला आकृतीने कळे, पाटीवरील अक्षर मुळीच दिसत नसे. तरी दर गुरुवारी दुपारी, नेसूचे लुगडे बदलून आणि हाती डबा घेऊन, ती दादरहून लालबागेस माझ्या आत्याकडे एकटी जात असे आणि दिवेलागणीच्या आत परत येत असे. घरातील कोणास त्याचे नवल वाटत नव्हते, कारण तिचा भार ट्रामवर होता. ट्राम रोज त्याच जागी उभी राही. रुळ सोडून ती वीतभरही इकडेतिकडे होऊ शकत नसे. चालकाने पायाने वाजविलेली घंटा दुरून ऐकू येई, आणि किती थांबे झाले हे आजी बोटांच्या पेरांवर मोजी. रूळ म्हणजे रस्त्याने दिलेले वचन होते: मी येथूनच येईन आणि येथेच थांबेन. डोळे अधू झालेल्या माणसास ह्याहून अधिक काय हवे?

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला अखेरची ट्राम आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला ती पाहावयास घेऊन गेले होते. लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते, गाडीत मुंगीस शिरावयास जागा नव्हती, आणि आम्हा मुलांना ती जत्राच वाटली. घरी आलो तेव्हा आजी जागी होती. तिने गर्दीची हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, "आता मी कशी जाऊ?"

"बस आहे की, आई," अण्णा म्हणाले.

अण्णा खोटे बोलले नव्हते. १९२६ पासून मुंबईत बस धावत होतीच. परंतु बसचा क्रमांक वाचावा लागतो, आणि ती खांबापासून चार हात पुढे किंवा मागे उभी राहते. तेथे धावत जावे लागते. आजीचे गुरुवार पंधरवड्यावर गेले, मग महिन्यावर, आणि शेवटी सणावारावर. तिला कोणीतरी नेले तरच ती जाई. तिचे पाय पूर्वीइतकेच बळकट होते. नाहीशी झाली होती ती केवळ तिची मुखत्यारी.

१९६५ च्या मे महिन्यात तिला लालबागेस नेण्याचे काम मजवर सोपविले होते. आठ वर्षांचा मुलगा बसचा क्रमांक तर वाचू शकत होता! आजीने सकाळी फणसाची सांदणे केली, डबा भरला, लुगडे बदलले आणि ती ओटीवर येऊन बसली. मैदानावरून मित्रांची हाक आली आणि "आलोच" असे म्हणून मी जो गेलो तो तिन्हीसांजेस परतलो. आजीने लुगडे घडी करून ठेवले होते. ती रागावली नाही. रात्री आम्ही सर्वांनी ती सांदणे खाल्ली. त्यानंतर मात्र तिने मला कधीही "नेतोस का?" म्हणून विचारले नाही. आजतागायत सांदणाचा घास माझ्या घशाखाली सरळ उतरत नाही.

ट्राम बंद करणारे दुष्ट होते असे मात्र मी म्हणणार नाही. मोटारी वाढल्या होत्या. रस्त्याच्या मधोमध चालणारी ट्राम कोणास चुकवू शकत नसे. एक बिघडली की मागच्या साऱ्या खोळंबत. उतारूंना भर रहदारीत उतरावे लागे. जुने रूळ बदलणे हेही खर्चाचे काम होते. जगभर हाच न्याय झाला. लंडनने आपली ट्राम १९५२ साली काढली, मद्रासने १९५३ साली, दिल्लीने १९६३ साली. मीही पुढे कित्येक वर्षे 'प्रगती' ह्या विषयावर निबंध सांगताना ट्रामचे उदाहरण जुने टाकून देण्याचा दाखला म्हणूनच देत असे.

माझा समज बदलला तो धाकट्या भावाच्या मुलामुळे. तो फ्रान्स देशात ग्रेनोबल येथे शिकावयास गेला होता. त्या शहराने आपली ट्राम १९५२ साली काढून टाकली आणि १९८७ साली पुन्हा सुरू केली. नवी गाडी आखताना तेथील अपंगांच्या संस्थांनी आपले म्हणणे आग्रहाने मांडले, आणि गाडीची जमीन फलाटाच्या पातळीस आणण्यात आली. पुतण्याने मला कळविले: "काका, येथे एक वृद्ध बाई चाकांच्या खुर्चीतून एकटी येते, कोणाचाही हात न मागता गाडीत शिरते आणि बाजारात जाऊन परत येते." ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. मला गुरुवारची आजी दिसली.

ग्रेनोबलचे उदाहरण एकटे नाही. नांत शहराने १९५८ साली काढलेली ट्राम १९८५ साली परत आणली. स्ट्रासबूर्गने १९६० साली काढलेली १९९४ साली आणली, आणि तीबरोबर शहराच्या मुख्य चौकातून मोटारी बाहेर घालविल्या. बोर्दो येथे २००३ सालापासून जुन्या पेठांमधून जमिनीतील पट्टीवाटे वीज दिली जाते, म्हणजे डोक्यावर तारांचे जाळे नको. मेलबर्नने तर ट्राम कधी काढलीच नाही; तिचे मार्ग आज सुमारे २५० किलोमीटर आहेत. इकडे आपल्या कलकत्त्यात १८७३ साली ट्राम प्रथम आली, त्याच वर्षी थांबली, आणि १८८० च्या सुमारास पुन्हा सुरू होऊन विसाव्या शतकाच्या आरंभी विजेवर चालू लागली. २०२३ साली तिला १५० वर्षे झाली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात तेथील सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा एक मार्ग स्मृती म्हणून राखून इतर मार्ग बंद करण्याचे जाहीर केले. जग जे पुन्हा मांडीत आहे ते आपण आवरू पाहत आहो.

उद्याच गिरगावात रूळ टाका, असे सांगण्याइतका मी भाबडा नाही. एडिंबरो शहराने २०१४ साली ट्राम परत आणली खरी, पण कामास वर्षानुवर्षे विलंब झाला आणि खर्च अंदाजाच्या फार पलीकडे गेला. मुंबईत आता भुयारातून मेट्रो जाते. तिच्या स्थानकांत पाळणेही आहेत, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु त्या स्थानकापर्यंत जावयाचे तर हाच रस्ता ओलांडावा लागतो! वाहन कोणतेही असो, त्याचा वेग मोजण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. अधू डोळ्यांची एक म्हातारी, हाती डबा घेऊन, कोणास न विचारता लेकीकडे जाऊन परत येऊ शकते काय? ज्या शहरात ती जाऊ शकते त्या शहराचे रस्ते चांगले. माझ्या अल्पमतीप्रमाणे दुसरी कसोटी नाही.

हे सारे मनात घोळत असता आम्ही घराशी आलो. मैदानावर नातवाचे सोबती खेळत होते. त्यांनी हाक मारली. त्याने हात हालविला, पण माझा हात सोडला नाही.

"आजोबा, ट्राम असती तर तुम्ही एकटे गेला असता?"

"गेलो असतो."

तो थोडा हिरमुसला. "म्हणजे मी नको होतो?"

"तू हवाच होतास," मी म्हटले. "पण हात धरण्यासाठी नव्हे, गप्पा मारण्यासाठी."

मग मीच त्याचा हात सोडविला आणि त्यास खेळावयास पाठविले. दारापर्यंतची उरलेली वीस पावले मी एकटा चाललो.