बेरीज शून्य, म्हणून आत काहीच नाही?

आमच्या वस्तीतली एक मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. पीएच.डी.साठी तिने तीन मार्गदर्शकांना विचारलं. तिघांकडेही ‘जागा नाही’. तिसऱ्याने तर, कुणी विचारलं नसताना, सांगून टाकलं की आमच्या विभागात जात कुणी बघत नाही. आम्ही चिडलो. ती मात्र शांतपणे आम्हाला तिचा विषय समजावत बसली.

लोखंडाचा साधा खिळा टाचणी ओढत नाही. म्हणजे त्यात चुंबकत्व नाही? आहे. लोखंडाच्या आत छोटे छोटे विभाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेन पुरता चुंबक असतो, पण दिशा वेगवेगळ्या, म्हणून बाहेर बेरीज शून्य. पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १९०७ साली तर्काने मांडलं. १९३१ मध्ये बिटर यांनी चुंबकीय भुकटी टाकून पृष्ठभागावर डोमेनच्या सीमा दाखवल्या. पण हार्ड डिस्कवर असते तशी पातळ फिल्म, त्यात धातूंचे थरावर थर. कोणत्या धातूच्या आत काय चाललंय, हे भुकटी कसं सांगणार?

तिथे क्ष-किरण कामी आले. नुसता क्ष-किरण लोखंड दाखवतो, त्याच्या चुंबकत्वाची दिशा नाही. त्यासाठी किरण मळसूत्रासारखा डावा किंवा उजवा फिरणारा लागतो, आणि ऊर्जा नेमकी त्या धातूची: लोखंडाला सुमारे ७०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, कोबाल्टला ७७८. मग दिशेप्रमाणे किरण कमी-जास्त शोषला जातो. क्ष-किरणांतला हा फरक गिसेला शुट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लोखंडात मोजला. (पहिलं नाव बाईचं, हे आम्ही मुद्दाम सांगतो.) १९९६ मध्ये बर्लिनच्या सिंक्रोट्रॉनवर पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण सूक्ष्मदर्शकातून गॅडोलिनियम-लोखंडाच्या फिल्मच्या आरपार डोमेन पाहिले.

एका चित्रावर भागत नाही, ती म्हणाली. काळा डाग म्हणजे चुंबकत्व की फिल्मच तिथे जाड? म्हणून एक चित्र डाव्या किरणाने, एक उजव्या. एकातून दुसरं वजा करायचं. जाडी दोन्हींत सारखी, ती जाते. उरतं ते चुंबकत्व.

आम्ही उपमा ताणत नाही. डोमेन एकमेकांना अस्पृश्य ठरवत नाहीत. पण वजाबाकीची रीत आमची झाली. एका मुलीला नकार, हे एक चित्र. त्यावर ‘जागा खरंच नसेल’ असं कुणीही म्हणेल. दुसरं चित्र त्याच विभागात त्याच वर्षी कुणाला जागा मिळाली, याचं. आम्ही माहिती अधिकारात पाच वर्षांचे अर्ज, प्रवर्ग आणि प्रत्येक मार्गदर्शकाकडचे प्रवेश मागितले आहेत. तिने मसुदा वाचला आणि एक रकाना वाढवला: प्रवेश परीक्षेचे गुण.