दोन खांद्यांची एक पिशवी

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढरी टोपी, हिरवळ आणि बॅटरीवर चालणारी छोटी गाडी येते. प्रत्यक्षात हा पायी चालण्याचा खेळ आहे. अठरा होल पूर्ण करताना माणूस सात-आठ किलोमीटर सहज चालतो, मैदान चढउताराचं असेल तर त्याहूनही जास्त. आणि या सगळ्या वाटेवर एक लांबट पिशवी कुणाच्या तरी खांद्यावर असते. ती कुणाच्या खांद्यावर असावी आणि कशी असावी, यावरून आमच्या घरात गेल्या पावसाळ्याआधी दोन महिने खल चालला होता. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. पण पिशवीचं मला थोडंफार कळतं. माझं माहेर हुबळीचं, आणि अप्पांचा शाळेची दप्तरं शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, चार मशिनं आणि एक कापायचं टेबल. बकल, रनर, नवार पट्टी यांच्यातच माझं बालपण गेलं.

मामंजी फौजेतून निवृत्त होऊन बेळगावात स्थायिक झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. वय एकाहत्तर. आठवड्यातून दोनदा पहाटे गोल्फच्या मैदानावर जायचं, हा त्यांचा नेम. त्यांच्याबरोबर त्यांचे कॅडी असतात. आमची मुलं त्यांना कॅडीकाका म्हणतात, आणि सणावाराला त्यांचा डबा आमच्याकडून जातो. तेही आता साठी ओलांडलेले. चेंडू कुठल्या झुडपात गेला हे सांगावं त्यांनीच, आणि ग्रीनवर उतार कुठे झुकतो तेही त्यांनीच. मामंजींची पिशवी वर्षानुवर्षं त्यांच्याच उजव्या खांद्यावर.

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, ते वाचकांना आठवत असेलच. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी शिमोग्याकडून हत्तीही आणले होते. त्या काळात मामंजींचं चालणं थांबलं, आणि घरात बसून त्यांची कंबर धरली. पुढे दुखणं वाढत गेलं. डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "चालणं बंद करू नका. मात्र एका खांद्यावर वजन टांगायचं नाही, आणि सारखं वाकायचं नाही." नेमका त्याच सुमारास कॅडीकाकांचा उजवा खांदाही वर उचलेनासा झाला.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, आता गोल्फ पुरे. बागेत चाला." मामंजी काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवले अर्धंच. दुसऱ्या दिवशी कॅडीकाका घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "साहेब, मी नऊ होल उचलतो, तुम्ही नऊ उचला. पण खेळ सोडू नका." फौजेतल्या मेजरची पिशवी कॅडीने निम्मी वाटून घ्यायची, ही वाटणी आमच्या घरात कुणालाच विचित्र वाटली नाही. प्रश्न एवढाच होता, की दोन म्हाताऱ्यांना आळीपाळीने झेपेल अशी पिशवी कोणती?

मी आधी जुनी पिशवी लगेजच्या काट्याला अडकवली. आत काय काय आहे ते एकेक काढून मोजलं. रिकामी पिशवीच साडेचार किलो, कारण ती मुळात गाडीवर बांधण्यासाठी बनवलेली. बारा क्लब, पाच किलो. बावीस चेंडू. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसतो, पण बावीस जमले की किलो होतो. लिटरभर पाणी, छत्री, रेनकोट, जुने हातमोजे, आणि तळाशी कुठल्याशा सामन्यात मिळालेला पितळी कप. एकूण तेरा किलो! आमच्या हुबळीकडे जड वस्तूला 'भाळ वज्जा' म्हणतात. मराठीतलं ओझं आणि हा वज्जा मला एकाच घरचे वाटतात. खांद्याला तर दोन्ही सारखेच कळतात.

मामंजींना मी विचारलं, बारा क्लब लागतातच का? नियमाने जास्तीत जास्त चौदा नेता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आली. त्याआधी काही खेळाडू पंचवीस-तीस क्लब न्यायचे, आणि ते वाहायचे कॅडी. चौदा ही कमाल संख्या आहे, किमान नव्हे. मामंजींनी मग २००१ सालच्या ब्रिटिश ओपनची गोष्ट सांगितली. इयान वूसनॅम शेवटच्या फेरीत आघाडीवर होता. दुसऱ्या होलला त्याच्या कॅडीच्या लक्षात आलं, की पिशवीत पंधरावा क्लब राहून गेलाय. दोन फटक्यांचा दंड बसला. "पिशवीत काय आहे ते घरून निघतानाच मोजावं," मामंजी म्हणाले आणि हसत हसत नऊ क्लब बाजूला काढले. उरलेले कपाटात गेले. पितळी कप शोकेसमध्ये.

आता पिशवी. बेंगळूरला माझ्या भावाकडे जाणं होतंच, तेव्हा मामंजी आणि मी दुकानात गेलो. अप्पांनी फोनवर एकच सांगितलं होतं, "मोदल हेगल नोडु, आम्याल चील." आधी खांदा बघ, मग पिशवी. दुकानदाराने तीन प्रकार पुढे ठेवले.

पहिली गाडीवर ठेवायची. खिसे भरपूर, दिसायला भारदस्त, पण वजन चार किलोच्या आसपास. ती आम्ही उचललीही नाही. दुसरी बारीक, नळीसारखी, जेमतेम सव्वा किलोची. मला ती फार आवडली होती. पण तिला पाय नव्हते. म्हणजे प्रत्येक फटक्याला ती गवतावर आडवी ठेवायची आणि वाकून उचलायची. एका फेरीत असं पन्नास-साठ वेळा. वजन वाचलं, पण कंबर गेली. तिसरी दोन पायांची. जमिनीवर टेकवली की पुढचे दोन पाय आपोआप उघडतात, आणि पिशवी तिरकी उभी राहते. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. क्लब काढायला वाकावं लागत नाही, पट्टाही कमरेच्या उंचीवर हाताशी येतो. सव्वा किलो आणि दोन किलो यांतला फरक पाठीच्या माणसाने द्यायलाच हवा, असं माझं मत झालं.

मग पट्टे. जुन्या पिशवीला एकच पट्टा होता. एका पट्ट्याने सगळा भार एका बाजूला पडतो, आणि तोल सावरायला पाठीचा कणा दुसरीकडे झुकतो. दोन पट्टे असले की पिशवी पाठीमागे कमरेच्या वर आडवी बसते, आणि भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो. मामंजींनी ती पाठीवर घेतली आणि म्हणाले, "हा तर आमचा पिट्ठू." फौजेत पाठीवरच्या पिशवीला पिट्ठू म्हणतात. पिट्ठू कसा बांधायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी मी त्यांना रिकामी पिशवी घेऊन आरशासमोर उभं राहू दिलं नाही. रिकामी पिशवी सगळ्यांनाच आरामदायक वाटते. दुकानदाराकडून नऊ क्लब आणि दोन पाण्याच्या बाटल्या मागून आत भरल्या, आणि मामंजींना दहा मिनिटं दुकानात फिरवलं. पिशवीचं तोंड पुढे कलून क्लब सांडतात का, तळ मागे मांडीवर आपटतो का, पट्टा मानेला घासतो का, हे चालल्यावरच कळतं. कमरेला टेकणारी गादी जाड हवी, पण दाबल्यावर पुन्हा वर येणारी. अंगठ्याने दाबून खळगा तसाच राहिला, तर तो फोम वर्षात बसणार हे नक्की.

आमची आणखी एक अडचण होती. मामंजी उंच, कॅडीकाका चार बोटं बुटके. नऊ होलनंतर पट्टे बदलायचे, तर बकल हाताने सहज सरकणारं हवं, पण सरकल्यावर घट्ट धरणारंही. दोन पिशव्या याच एका कारणावरून बाद झाल्या.

टिकाऊपणा मी माझ्या पद्धतीने पाहिला. कापडाच्या चिठ्ठीवर डेनियर लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड. नायलॉन घासायला चिवट, पॉलिस्टर उन्हात रंग जास्त टिकवतं आणि पाणी कमी पितं. पण कापड सहसा फाटत नाही, फाटते ती शिलाई. म्हणून पट्टा जिथे पिशवीला जोडलाय तिथे आतून हात घातला. तिथे चौकोन करून आत फुली मारलेली शिलाई हवी, नुसती सरळ टीप नको. चेन जाड दाताची प्लास्टिकची. आपल्या पावसात धातूचा रनर गंजून अडकतो. पाय ॲल्युमिनियमचे. जास्त हलके कार्बनचेही मिळतात, पण ॲल्युमिनियम वाकलं तर सरळ करता येतं. पाय उघडणारी कळ वीस-पंचवीस वेळा दाबून पाहिली, अडखळली नाही. क्लबच्या कप्प्यांच्या भिंती तळापर्यंत गेलेल्या आहेत ना तेही पाहिलं, नाहीतर खाली मुठी एकमेकींत अडकतात. किमतीचं सांगायचं, तर अशा पिशव्या चार-पाच हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत आहेत. आम्ही मधली घेतली.

ह्यांनी घरी आल्यावर वेगळाच मुद्दा काढला. तीन चाकांची हातगाडी का नाही घेतली? मुद्दा बिनबुडाचा नव्हता. अमेरिकेत डेन्व्हरला २००८ साली नील वोल्कोडॉफ यांनी थोड्या खेळाडूंवर एक पाहणी केली होती. नऊ होल चालताना स्वतः पिशवी वाहिली तर सुमारे ७२१ कॅलरी खर्च झाल्या, गाडी ढकलली तरी ७१८. म्हणजे व्यायाम जवळपास तेवढाच, आणि गाडी ढकलणाऱ्यांचा खेळही जरा बरा झाला. मी हे मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पावसाळ्यात चाकं चिखलात बसतात." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि गाडी घेतली की त्याला बोलवायला कारण काय उरतं?"

कॅडीकाकांच्या घरी त्या दोन दिवसांच्या पैशांचा हिशेब असतो. पण मला वाटतं, मामंजी फक्त पैशांबद्दल बोलत नव्हते. पैसे काय, घरपोचही देता येतात. रोज पहाटे फाटकाशी वाट पाहणारं माणूस घरपोच देता येत नाही. ह्यांनी पुन्हा गाडीचा विषय काढला नाही.

आता नव्या पिशवीचं वजन सांगते. पिशवी, नऊ क्लब, सहा चेंडू, लिटरभर पाणी, छत्री, टॉवेल धरून पावणेआठ किलो. तेराचे पावणेआठ झाले. त्यातला निम्म्याहून जास्त फरक काही विकत न घेता, नुसतं काढून ठेवल्यामुळे पडला, हे लक्षात घ्या. घरात कुणाच्या पाठीचा प्रश्न असेल, मग पिशवी गोल्फची असो, ट्रेकिंगची असो की नातवाच्या दप्तराची, आधी काटा आणा. दुकानात नंतर जा.

काळजी म्हणाल तर फारशी नाही. पावसातून आली की पिशवी उलटी करून सावलीत वाळवते. कडक उन्हात नाही, कारण आतला पाणीरोधक लेप उष्णतेने आणि दमटपणाने चिकट होऊन सुटतो. महिन्यातून एकदा चेनवर मेणबत्ती फिरवते. एका पावसाळ्यात डाव्या पट्ट्याचा एक टाका उसवला, तो मी अप्पांच्या जुन्या मशिनवर घातला.

डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं आणि "चालू द्या" म्हणाले. कॅडीकाकांचा खांदा पूर्ण बरा नाही, होणारही नाही. हल्ली ते सात होल उचलतात, मामंजी अकरा. हा नवा हिशेब कुणी ठरवला, ते दोघांपैकी कुणीच सांगत नाही.