कांद्याचं गोदाम

जपानात तीन महिने राहून आलेला माणूस शिरूरच्या चहाच्या टपरीवर काय सांगेल? मी सांगायचो, "एका जपान्यानं सुट्टीच्या दिवशी पाऊण तास चालवलं आणि दाखवलं काय, तर पाटी!" हशा पिकायचा. हा किस्सा मी दोन वर्षं सांगत होतो.

गोष्ट 2016 ची. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीनं मला कावासाकीला शिकायला पाठवलं होतं. तिथला एक सहकारी निवृत्तीला आलेला. त्याचा नाद एकच, जुना तोकाइदो रस्ता तुकड्यातुकड्यानं पायी चालायचा. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो असा तो राजरस्ता. वाटेत 53 मुक्काम, त्यातला दुसरा कावासाकी. मुक्कामाच्या गावी सरदारांना उतरण्यासाठी मोठा वाडा असे, त्याला म्हणत होन्जिन. शोगुनकडे, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाकडे, हजेरी लावायला निघालेले सरंजामदार लवाजम्यासह तिथे उतरत. सामान्य वाटसरूला तिथे थारा नसे.

"तानाका होन्जिन दाखवतो," तो म्हणाला. मी कॅमेरा चार्ज करून घेतला. लाकडी खांब, कागदी दारं, जमलं तर एखादं कमळाचं तळं, असं काहीबाही मनात होतं. भर रस्त्यावर, इमारतींच्या ओळीपुढे तो थांबला. तिथे माहितीची पाटी होती.

"कुठाय?" मी विचारलं.

"इथेच."

मी हसलो. तो हसला नाही. पाटीसमोर उभा राहून सांगत राहिला. जवळच्या तामा नदीवरचा पूल 1688 च्या पुरात गेला आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं माणसं नावेनंच पार होत राहिली. याच घरातल्या तानाका क्यूगूनं 1709 मध्ये नावेचा हक्क आपल्या गावाला मिळवून दिला आणि त्या उत्पन्नावर डबघाईला आलेला मुक्काम सावरला. पुढे त्यानं रयतेच्या हालांवर ग्रंथ लिहिला, तो शोगुन योशिमुनेपर्यंत पोचला, आणि या सराईवाल्याच्या हाती नद्यांच्या बंधाऱ्यांची कामं आली. 1857 मध्ये अमेरिकेचा वकील टाउनसेंड हॅरिस इथे आला, तेव्हा वाड्याची रया गेली होती. त्यानं सरळ दुसऱ्या खानावळीत मुक्काम हलवला. 1870 मध्ये होन्जिनची पद्धतच बंद झाली.

हे सगळं मी नंतर वाचून जुळवलंय. त्या दिवशी मी घड्याळ बघत होतो आणि "हो, हो" म्हणत होतो. त्याचं बोलणं संपल्यावर मी विचारलं, जेवायचं कुठे?

2018 मध्ये तो रांजणगावला आला. पहिल्याच रविवारी म्हणाला, "तुमचा हा पुणे-नगर रस्ता जुना. वाटसरू कुठे उतरायचे?"

मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणायला काय जात होतं? पण मी शिरूरचा, शिवाय साहेबाला गाव दाखवतोय. गावाच्या कडेला एक जुनाट दगडी इमारत आहे, तिच्यासमोर गाडी थांबवली आणि म्हणालो, "ही. पेशव्यांचे सरदार इथे उतरायचे." त्यानं वही काढली. घोडे कुठे बांधत? मी मागचं पटांगण दाखवलं. पाणी? मी नदीकडे हात केला. म्हणालो, इथे घोडे पाणी प्यायचे म्हणून ती घोडनदी! हे शेवटचं मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा सांगितलं.

सोमवारी कँटीनमध्ये त्यानं कौतुकानं फोटो दाखवले. आमचा एक पोरगा वाकून बघत म्हणाला, "आयला, हे तर आमच्या मामाचं कांद्याचं गोदाम! बाहत्तरच्या दुष्काळानंतर बांधलंय." कुणीतरी लगेच इंग्रजीत सांगून टाकलं. त्यानं वही उघडली, पट्टी लावून त्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारली आणि वही मिटली. मला काही म्हणाला नाही. भाताचा घास माझ्या घशाखाली उतरेना.

लाज याचीही वाटली की खरं सांगण्यासारखं हाताशी होतं. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. 1809 मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसचं थडगं इथे आहे. आसपासची माणसं त्याला सत्पुरुष म्हणत आणि नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत, अशी नोंद 1885 च्या गॅझेटियरात आहे. हे सोडून मी गोदाम दाखवलं.

घरी आईला हे सांगितलं. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "धर्मशाळाच बघायची होती तर दौंडला न्यायचं त्याला. आमचं वऱ्हाड अडकलं होतं तिथं."

इतक्या वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. आईचं माहेर नगर, सासर बारामती. 1962 मध्ये लग्न लावून वऱ्हाड निघालं. मनमाडकडून येणारी गाडी दौंडला उशिरा पोचली आणि बारामतीची छोटी गाडी निघून गेली. चाळीस माणसं, पत्र्याच्या ट्रंका आणि नवी नवरी, सगळी रात्रभर स्टेशनजवळच्या धर्मशाळेच्या ओसरीवर. बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडून पिठलं केलं. "तुझ्या बाबांशी पहिलं बोलणं तिथं झालं. म्हणाले, मीठ कमी आहे."

पुढच्या रविवारी न्हावरा, चौफुला करत आई, तो पाहुणा आणि मी असे तिघं दौंडला गेलो. पुण्याहून मनमाडकडे जाताना इथे इंजिन फिरवायचे, तेवढ्या वेळात मी शेकडो वेळा वडापाव खाल्लाय. आई काठी टेकत दुकानांच्या ओळीपर्यंत गेली, एका कडुनिंबाकडे बघितलं आणि म्हणाली, "इथंच." समोर मोबाइलचं दुकान आणि दुचाक्यांची रांग. पाटीबिटी काही नाही. मी तोंड उघडलं नाही. तो पाहुणा मात्र तसाच उभा राहिला, कावासाकीला राहिला होता तसा. मग त्यानं आईला विचारलं, आड कुठे होता? तिनं काठीनं दाखवलं. मीठ खरंच कमी होतं का? हे मला भाषांतर करावं लागलं. आई लाजली.

त्याच्या वहीत दौंडची नोंद आहे: धर्मशाळा, इमारत नाही, सांगणारी बाई त्या रात्री तिथे होती. शिरूरच्या पानावर रेघ आहे आणि खाली जागा कोरी. शिरूरच्या जुन्या मंडळींपैकी कुणाच्या घरी सांगत असतील की वाटसरू अमुक ठिकाणी उतरायचे, तर मला जरूर कळवा. जागेवर आता काहीही असलं तरी चालेल.