कोणत्या जागेवर खेळतोस?

निवड चाचणीच्या सकाळी मैदानाच्या कडेला एक टेबल मांडलेलं असतं. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून अर्जांवर दगड ठेवलेला. नाव, जन्मतारीख, शाळा, तालुका, आणि त्याखाली एक रकाना : खेळण्याची जागा. वरचे रकाने पोरं भराभर भरतात, या रकान्यापाशी मात्र पेन थांबतं. मग मान वळते आणि नजर मला शोधते. "सर, काय लिहू?"

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी बावीस वर्षांपासून शारीरिक शिक्षण शिकवतो. कबड्डी, खो-खो आहेतच, पण जीव जडला तो बेसबॉलवर. आपल्या जिल्ह्याचं नाव आज खेळात घेतलं जातं ते धनुर्विद्येमुळे. इथल्या प्रथमेश जावकरनं 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडच्या सांघिक प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा आमच्या शाळेतही पेढे वाटले. धनुर्धरांना जागेचा प्रश्न पडत नाही. सगळे एकाच रेषेवर उभे राहतात आणि लक्ष्य प्रत्येकाला तेवढ्याच अंतरावर असतं. बेसबॉलमध्ये मैदानावर 9 जण असतात आणि नऊ जागांची कामं नऊ तऱ्हांची. पिचरचा खांदा वेगळा, कॅचरचे गुडघे वेगळे, सेंटर फिल्डचे पाय वेगळे. त्यामुळे "तू कोण?" या प्रश्नाचं उत्तर पोराला बॅट हातात घेण्याआधीच द्यावं लागतं.

त्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून असतं. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून अमरावती विभाग, तिथून आठ विभागांची राज्य स्पर्धा, आणि त्यातून राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत नियमात बसणाऱ्या खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दोन एकर कोरडवाहू शेती असलेल्या बापाला हे बरोबर कळतं. तो मला खेळाचे नियम विचारत नाही, "पोरगं कुठवर जाईल?" एवढंच विचारतो.

मी पोरांना पहिला धडा देतो तो फक्की मारण्याचा. चुन्याची बादली, सुतळी आणि चार खुंट्या. बेस ते बेस 90 फूट. होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतचा कर्ण 127 फूट आणि वर सव्वातीन इंचांहून थोडं जास्त. नववीतल्या पोरांना पायथागोरस वर्गात जेवढा कळत नाही तेवढा इथं सुतळी ताणताना कळतो. चौकोन आखून झाला की मी एकेकाला प्रत्येक बेसवर उभं करतो आणि म्हणतो, इथून फर्स्ट बेसकडे बघ. थर्ड बेसवरून बघितलं की कळतं, ही फेक लांबची आहे, हात जोराचा लागणार. सेकंडवरून ती जवळची वाटते. सेकंड आणि थर्डच्या मधल्या शॉर्टस्टॉपच्या जागेवरून, थोडं खोल उभं राहून बघितलं की पोरं गप्प होतात.

शॉर्टस्टॉपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच जागेबद्दल आहेत. आमच्याकडे घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, मैदानं मुरमाची. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, काळी माती. ती पावसाळ्यात पाय धरते आणि दिवाळीनंतर भेगाळते. मुरमावर जमिनीलगत आलेला चेंडू शेवटच्या हातभर अंतरात अचानक उसळतो. मान वर काढली की तो छातीवर बसतो. खो-खोत वाढलेली पोरं इथं चांगली निघतात, असा माझा अनुभव आहे. बसण्याची सवय, खाली झुकलेली कंबर, दिशा बदलताना न अडखळणारे पाय त्यांच्यात आधीच तयार असतात. चेंडू ग्लोव्हात आला की उजवा पाय रोवायचा, एक लहानसं पाऊल फर्स्ट बेसच्या दिशेनं आणि फेक. या एका पावलासाठी मी पोरांना महिनाभर चेंडूशिवाय सराव करायला लावतो. गावातले लोक बघतात आणि विचारतात, "सर, चेंडू कुठं हाये?"

बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी क्षेत्ररक्षणाच्या जागांची सोप्याकडून अवघडकडे जाणारी एक उतरंड मांडली : फर्स्ट बेस, लेफ्ट फिल्ड, राइट फिल्ड, थर्ड बेस, सेंटर फिल्ड, सेकंड बेस आणि सर्वांत अवघड शॉर्टस्टॉप. चाचणीला जाणाऱ्या पोरासाठी ती फार उपयोगाची आहे. अवघड जागेवरचा खेळाडू सोप्या जागेवर नेता येतो, उलट फारसं होत नाही. शॉर्टस्टॉप म्हणून उभं राहिलेलं पोर निवड समितीला मनातल्या मनात सेकंडवर, थर्डवर, सेंटर फिल्डमध्येही दिसतं. फर्स्ट बेस लिहिलेलं पोर फर्स्ट बेसवरच दिसतं. अमेरिकेत कॉलेजच्या प्रशिक्षकांसमोर मुलांची अशीच चाचणी होते. 60 यार्डांची धाव घड्याळावर लावतात, इनफिल्डमधून आणि आउटफिल्डमधून फेकीचा वेग मोजतात, कॅचरची सेकंड बेसला जाणारी फेक सेकंदात मोजतात. तिथंही मुलाला पहिली जागा आणि दुसरी जागा सांगावी लागते. प्रश्न तोच आहे, फक्त मैदानावर हिरवळ आहे.

पिचरच्या रांगेत नेहमी गर्दी असते. त्याला कारणही आहे. फेकीचा वेग यंत्रावर आकड्यात दिसतो आणि आकड्याचं आकर्षण सगळ्यांनाच. 2008 साली 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघानं त्यांच्याशी करार केला. दोघेही मूळचे भालाफेकपटू. त्यांची जागा कुणाला ठरवावी लागली नाही, वेग मोजणाऱ्या यंत्रानं ती ठरवली. पण आमच्या चाचणीत प्रत्येक पिचरला मोजून पाच-सात चेंडू टाकायला मिळतात. त्यात दोन जरी डोक्यावरून गेले तरी समितीचं लक्ष पुढच्या पोराकडे वळतं. अंगात नुसता जोर आहे म्हणून पिचर लिहू नकोस, हे मी दर वर्षी सांगतो.

कॅचरच्या रांगेत दोघं-तिघं असतात. एका वर्षी मी या रांगेकडे हिशेबाच्या नजरेनं बघितलं, आणि ती चूक मला अजून डाचते.

मोताळा तालुक्यातला पोरगा होता, थर्ड बेसचा. हात असा की चेंडू फर्स्ट बेसला सरळ रेषेत जायचा, मध्ये कुठं कमान नाही. थर्डसाठी त्या सकाळी अकरा-बारा नावं होती, कॅचरसाठी तीन. मी त्याला म्हटलं, कॅचर लिही. सरावात तो कधीमधी होम प्लेटमागे बसला होता, तेवढ्यावर माझी भिस्त. पहिले तीन चेंडू त्यानं नीट घेतले. चौथा त्याच्या पुढ्यात जमिनीवर आपटला. खऱ्या कॅचरचं शरीर अशा वेळी आपोआप पुढं झुकतं, दोन्ही गुडघे जमिनीला टेकतात, हनुवटी छातीला लागते आणि छाती चेंडूच्या वाटेत येते. चेंडू पकडायचा नसतो, अडवायचा असतो. ही गोष्ट हजार चेंडू छातीवर घेतल्याशिवाय अंगात येत नाही. त्यानं तोंड फिरवलं. चेंडू पायांमधून मागे गेला. नंतर सेकंड बेसची फेक. चेंडू ग्लोव्हात बसल्यापासून सेकंडवरच्या ग्लोव्हात पोहोचेपर्यंत अमेरिकेतला चांगला कॅचर सुमारे दोन सेकंद घेतो. आमच्या पोरांनी अडीचच्या आत टाकला तर मी खूश असतो. त्याला तीन लागले. हात कमी पडला नाही. बसल्या जागेवरून उठताना पायच सापडले नाहीत.

त्याची थर्ड बेसवरची फेक त्या दिवशी कुणी पाहिलीच नाही. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "सर, एक बार थर्डवर उभं राहू दिलं असतं त."

तेव्हापासून मी गर्दी बघून जागा सांगत नाही. कॅचरची जागा मोकळी असते हे खरं, आणि ती मोकळी आहे म्हणून कुणीतरी तिकडे जायला हवं हेही खरं. पण तिकडे जायचं ते जूनमध्ये, शाळा उघडते त्या आठवड्यात. बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात पहिल्या वर्षी शॉर्टस्टॉप होता, दुसऱ्या वर्षी कॅचर झाला. 2008 साली सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनं त्याला ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलं आणि 2010 मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. अमेरिकेतच व्यावसायिक बेसबॉल खेळलेला केन्ली जॅन्सन उलट्या दिशेनं गेला, कॅचरचा पिचर झाला. त्यांनी जागा बदलली ती सरावात. अर्जाच्या टेबलापाशी उभं राहून नव्हे.

आणखी एक गोष्ट मला सांगायचीच आहे, ती डावखुऱ्यांची.

आमच्या मुलींच्या संघात एक डावखुरी होती. विजेसारखी चपळ, आणि तिला शॉर्टस्टॉपच खेळायचं होतं. डावखुऱ्याला तिथं चेंडू उचलल्यावर फेकीसाठी पूर्ण अंग फिरवावं लागतं आणि तेवढ्यात धावणारी बेसवर पोहोचते. सेकंड आणि थर्डचंही तेच. म्हणून डावखुऱ्यांना पिचिंग, आउटफिल्ड आणि फर्स्ट बेस एवढ्याच वाटा खऱ्या अर्थानं उघड्या असतात. फर्स्ट बेसवर तर त्यांचा फायदाच. ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला. हे मी तिला समजावलं. तिनं मान हलवली नाही. "मले फर्स्ट बेस नाई पाहिजे, सर. तिथं नुसतं उभं राहा लागते."

मी वाद घातला नाही. पुढच्या सामन्यात तिला माझ्याशेजारी बसवलं, हातात मूठभर खडे दिले आणि सांगितलं, फर्स्ट बेसवर चेंडू आला की एक खडा खाली ठेव. चौथ्या डावात तिची मूठ रिकामी झाली. तिनं न विचारता आणखी खडे गोळा केले. त्या संध्याकाळी तीच म्हणाली, "उद्या मले तिथं उभं करा."

पण तिची खरी अडचण वेगळीच होती, आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती. शाळेतले सगळे ग्लोव्ह उजव्या हातानं फेकणाऱ्यांचे. ती डाव्या हातात ग्लोव्ह घालून चेंडू घ्यायची, ग्लोव्ह काखेत दाबायची, हात बाहेर ओढायची, त्याच डाव्या हातानं चेंडू काढायची आणि फेकायची. हे सगळं ती इतक्या सफाईनं करायची की मला वर्षभर ते कौतुकाचं वाटत राहिलं. जिला आपल्या हाताचा ग्लोव्हच मिळाला नाही, तिला मी जागा निवडायला सांगत होतो. अर्जावर तिनं पहिली जागा फर्स्ट बेस लिहिली, दुसरी लेफ्ट फिल्ड. कडेला उभं राहून मी ते वाचलं, आणि त्याच आठवड्यात पैसे जमवायला लागलो.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल. जिल्ह्यातल्या माझ्या शिक्षक-मित्रांना माझी विनंती आहे की हा रकाना तेव्हाच विचारा, चाचणीच्या सकाळी नको. मुलाला दोन जागा सांगू द्या, आणि दोन्ही जागांवर दिवाळीपर्यंत मोजून चेंडू द्या. आणि पालकांनो, तुमचं पोर डावखुरं असेल तर त्याला मैदानावर पाठवताना कचरू नका. आमच्याकडे आता सात ग्लोव्ह आहेत. त्यातला एक उजव्या हातात घालायचा आहे.