चिन्हाखालचा ओरखडा

जुनी जर्मन लष्करी शिरस्त्राणे जमवतो असे सांगितले की समोरचा मनुष्य किंचित मागे सरकतो आणि फार सभ्यपणे विषय बदलतो. त्यात त्याचे काही चुकते असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या छंदाचा उगम मात्र निरुपद्रवी होता. काही वर्षे आमचे वास्तव्य हानोफर येथे होते. लाइन नदीच्या काठी दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे कपबश्या आणि पोस्टकार्डे चाळता चाळता एक गंजका टोप हाती आला. याच शहरातील तांत्रिक विद्यापीठात शिकवणाऱ्या फ्रीडरिख श्वेर्ड यांनी पहिल्या महायुद्धात तो घडवला, असे पुढे वाचनात आले. पूर्वीचा टोकदार टोप चामड्याचा. तोफगोळ्यांच्या बारीक कपच्या त्यातून आरपार जात व जवान मेंदूच्या जखमांनी मरत. आउगुस्ट बीअर या शल्यचिकित्सकाने हे पाहिले, श्वेर्ड यांनी पोलादाचा विचार मांडला, आणि १९१६ च्या आरंभी व्हर्दांच्या आघाडीवर नवे टोप पोचले. जीव वाचवण्यासाठी घडलेली वस्तू पुढे कोणाची ओळख होऊन बसली, हे वाचकांस सांगावयास नको.

शिरस्त्राण वाचावयास शिकावे लागते, आणि ते वाचन मुख्यतः बोटांचे असते. १९१६ च्या टोपाला कानशिलांवर दोन ठसठशीत शिंगे असतात. त्यांतून हवा खेळे, आणि कपाळावरची जादा पोलादी ढालही त्यांनाच अडकवता येई. १९३५ च्या टोपाला शिंगे नाहीत. हवेच्या छिद्रात वेगळी कडी बसवलेली असते आणि काठ आत वळवून गुळगुळीत केलेला असतो. १९४० मध्ये ती वेगळी कडी गेली, छिद्राची कड पत्र्यातच ठोकून काढू लागले. १९४२ मध्ये काठ वळवणेही सोडून दिले, तो तसाच बाहेर फाकलेला राहिला. युद्ध लांबत गेले तसा टोप दरिद्री होत गेला, आणि ते दारिद्र्य डोळे मिटूनही कळते. आत डाव्या बाजूस कारखान्याचा ठसा आणि माप: 'ईटी ६४' म्हणजे हार्ट्झ पर्वतातील थाले येथील कारखाना. आतल्या चामड्याच्या अस्तराला आठ पाकळ्या, त्याला धरून ठेवणाऱ्या तीन खिळा. या खिळा कधी तरी उपसून पुन्हा बसवल्या असतील तर भोवतालचा रंग चुगली करतो.

बाहेरची चिन्हे हा सर्वांत दगलबाज मजकूर. लष्करी टोपावरील तिरंगी ढाल १९४० मध्ये बंद झाली, गरुडही १९४३ मध्ये गेला. तेव्हा युद्धाच्या अखेरीचे बहुतेक टोप कोरेच असावयास हवेत. पण कोऱ्या टोपाला भाव नसतो. एसएसच्या दोन विजेसारख्या अक्षरांचा टोप मात्र कित्येक पट किमतीला जातो. म्हणून मूळ पोलादावर नवी अक्षरे उमटवणारे कारागीर युरोपभर आहेत. ते टोप मातीत पुरतात, पट्टा चहात भिजवून जुना करतात.

आमच्याकडचा १९४२ चा टोप अशाच अक्षरांचा. विक्रेत्याने त्यांवर कागदाची पट्टी चिकटवली होती, कारण जर्मन दंडविधानाच्या कलम ८६ अ नुसार ती उघड मिरवणे गुन्हा आहे. 'आजोबांच्या माळ्यावर सापडला,' असे तो म्हणाला. कहाणीचे पैसे देऊ नयेत हा संग्राहकांचा पहिला धडा आम्हांस पाठ होता. तरी दोन महिन्यांच्या घरभाड्याइतकी रक्कम आम्ही मोजली.

त्या रात्री टेबलाशी बसून आम्ही काय इच्छीत होतो? ती अक्षरे खरी निघावीत, हेच. म्हणजे हा टोप त्या संघटनेतल्या कोणाच्या तरी डोक्यावर खरोखरच असावा, आणि त्या डोक्याने जे केले असेल तेही खरेच असावे, अशी आमची इच्छा होती. तेव्हा हे असे शब्दांत आले नाही.

मागच्या काठाच्या आतल्या अंगाला उत्पादनाचा क्रमांक ठोकलेला असतो. तो मळाखाली झाकला होता. आम्ही कापसाला द्रावक लावून घासले. क्रमांक स्वच्छ दिसू लागला, आणि कापसावर पांढरा रंग आला. पुष्कळ शिपाई तिथे आपले नाव रंगवीत. आम्ही थांबलो तोवर नावाचा बराचसा भाग गेला होता.

नंतर भिंगाखाली तो लांब ओरखडा दिसला. तो अक्षरांच्या एका बाजूने आत शिरत होता व दुसरीकडून बाहेर पडत होता. मधल्या अक्षरांचा रंग मात्र अभंग. ओरखडा आधीचा, अक्षरे नंतरची. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली हनुवटीच्या पट्ट्याची शिवणही निळसर पांढरी चमकली, म्हणजे दोरा युद्धानंतरचा. पोलाद, अस्तर, खिळा मात्र अस्सल आणि अस्पर्शित.

बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्यापाशी शिकलेल्या सुकथनकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताचे प्रक्षेप निवडून काढले, त्या पद्धतीची आमच्या पिढीला कोण ऐट होती. वर्गात आम्ही ती शिकवलीही. उत्तरकालीन भर चकचकीत असते आणि मूळ पाठ खरबरीत, हे फळ्यावर लिहिणारा हात आणि कापूस घासणारा हात एकच होता. प्रक्षेप जपला, पाठ पुसला.

युद्ध संपल्यावर जर्मनीत उरलेल्या टोपांना भोके पाडून स्वयंपाकघरातल्या चाळण्या केल्या गेल्या. तशी एक आम्ही पुढे त्याच बाजारात घेतली. ती खोटी असण्याची भीती कमी, आणि घरच्यांची हरकतही कमी.

टोप अजून आमच्याकडे आहे. विकावयाचा तर अक्षरांविषयी खरे सांगावे लागेल, आणि पुसलेल्या नावाविषयीही. पाहुणे अक्षरांकडे पाहतात. आम्ही तो उलटा करून दिव्याखाली धरतो: आरंभीचा 'एच' स्पष्ट आहे, पुढे एक उभी रेघ, मग बराच वेळ नुसते पोलाद, आणि शेवटी बहुधा 'आर'.