पहिला आंकडा

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत लॉगॅरिदमच्या कोष्टकांचें एक जुनें पुस्तक आहे. त्याचीं पहिलीं पानें बोटांच्या स्पर्शानें काळवंडलेलीं, शेवटचीं बहुतेक कोरीं. विद्यार्थिदशेंत आम्हीं असें पुस्तक पुष्कळ चाळलें. पण तें एकाच बाजूनें कां झिजावें, हा प्रश्न आमच्या मनास शिवला नाहीं. सायमन न्यूकम ह्या अमेरिकन ज्योतिर्विदास तो १८८१ सालीं सुचला. व्यवहारांत भेटणाऱ्या संख्यांत एकानें आरंभ होणाऱ्या अधिक, हें त्यानें मळक्या पानांवरून ताडलें. पुढें १९३८ सालीं फ्रँक बेनफर्ड ह्यानें नद्यांचीं क्षेत्रफळें, गांवांच्या लोकसंख्या इत्यादि हजारों आंकडे जमवून तोच नियम दाखविला: एकानें आरंभ होणाऱ्या संख्या शेंकडा सुमारें ३०, नवानें होणाऱ्या ५ हूनही कमी. खोटा हिशेब रचणारा मनुष्य हें प्रमाण सहसा संभाळीत नाहीं. म्हणून हिशेबांतील लबाडी शोधणारांनीं हा नियम हातीं धरला. आतां तर लाखों नोंदी यंत्र कांहीं क्षणांत चाळतें, आणि ज्यास कृत्रिम बुद्धि म्हणतात ती प्रत्येक नोंदीस संशयाचे गुणही देते. ते कां दिले, हें मात्र पुष्कळदां सांगत नाहीं.

इंग्रजी काव्य शिकविणारास ही उठाठेव कशाला, असें वाचक म्हणतील. सातआठ वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका संस्थेंत रोखपालाविरुद्ध चौकशी निघाली, व समितींत कोणी निरुपद्रवी पदवीधर हवा म्हणून आम्हांस घेतलें. कीर्द-खतावणी हे शब्द आम्हांस आजोबांच्या तोंडून ऐकून ठाऊक, इतकेंच. तज्ज्ञांचा अहवाल आला. जाड कागद, रंगीत आलेख. चारानें आरंभ होणाऱ्या पावत्या नियमाहून कितीतरी अधिक, सबब हिशेब ‘संशयास्पद’. आलेख आम्हांस कळला नाहीं. आणि कळला नाहीं म्हणूनच, हें आज लिहितांना लाज वाटते, आम्हीं मुकाट्यानें सही केली.

तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीस तो गृहस्थ पावतीपुस्तक घेऊन घरीं आला. बसा म्हटलें तरी बसला नाहीं. “सर, फीच साडेचारशें रुपये आहे. पावतीवर दुसरा आंकडा मी आणूं कोठून?”

एवढेंच. बेनफर्डचा नियम लहानमोठ्या, मोकळेपणीं पसरलेल्या रकमांस लागू पडतो. ठरीव फीस नव्हे. पावत्यांची बेरीज बँकेंतील भरण्याशीं पैपैशानें जुळत होती. ती कोणीं मांडूनच पाहिली नव्हती!

यंत्र टाकून द्या, असें आमचें म्हणणें नाहीं. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचें प्रकरण २०१९ सालीं बाहेर आलें, तेव्हां एकाच बांधकामसमूहाचीं थकलेलीं कर्जें झांकण्यासाठीं २१,००० हून अधिक बनावट खातीं दाखविल्याचा आरोप झाला. तेवढीं खातीं कोणता मुनीम डोळ्यांनीं तपासणार? पण इंग्लंडांतील टपालखात्याची कथा आठवली कीं अंगावर कांटा येतो. तेथें १९९९ पासून ‘होरायझन’ नांवाची हिशेबप्रणाली बसविली. ती तूट दाखवी, आणि यंत्र नीट चालतें हें न्यायालयानें गृहीत धरावें असा तेथील कायद्याचा दंडक. त्या प्रणालीच्या पुराव्याचा आधार असलेल्या खटल्यांत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. प्रणालींतच दोष होते, हें उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१९ मध्यें सांगितलें. पार्लमेंटनें कायदा करून शिक्षा रद्द केल्या त्या २०२४ सालीं. तोंवर कित्येक जण निवर्तले होते.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम चालू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणें संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतें, व त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. परंतु नक्कल मुळाबरहुकूम आहे व यंत्र नीट चालत होतें, एवढीच त्याची ग्वाही. मूळ नोंद खरी कीं खोटी, ह्याविषयीं तें मुकें. आम्हांस त्याहून भरंवशाचें वाटतें तें १८७२ च्या कायद्यांतून नव्यांत कलम २८ म्हणून आलेलें जुनें वचन: केवळ वहीतील नोंदीवरून कोणावर दायित्व लादतां येत नाहीं.

आम्हीं सही मागें घेतली व अहवाल बदलला. रोखपालावरचा ठपका गेला. पण रोकड पुन्हा त्याच्या हातीं दिली नाहीं. उरलेलीं दोन वर्षें त्यानें आवक-जावक टेबलावर काढलीं. निरोपसमारंभास आम्हांस बोलावणें होतें. आम्ही गेलों, मागच्या रांगेंत बसलों, आणि दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला तेव्हां घसा बसल्याचें निमित्त सांगितलें.