भुकेची ओळख

पुण्याहून दौंडकडे निघालेली पॅसेंजर यवत आणि खुटबाव ओलांडून पुढे आली की केडगाव येतं. आज या पट्ट्यात ऊस दिसतो, हंगामात गुऱ्हाळांचा धूर दरवळतो. खडकवासल्याचं पाणी कालव्याने इथवर पोचलं म्हणून ही हिरवाई. मुळात हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. भीमेच्या या तीराला दौंड, त्या तीराला शिरूर, आणि दोन्हीकडची जुनी माणसं अजूनही लग्नं-बारशी सांगताना ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी’ किंवा ‘दुष्काळानंतर’ असं सांगतात.

एकोणिसाव्या शतकात शिरूरला, घोडनदीच्या काठी, अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. नगरपासून इथवरच्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांच्या कहाणीत कुठेतरी एक दुष्काळ आहे. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्या घरांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला. मला त्या भुकेत लाजण्यासारखं काहीच दिसत नाही. प्रभूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितलेली आहेच.

या मुलखात भूक आणि श्रद्धा यांचं नातं सगळ्यात खोलवर जगल्या त्या पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही धाकटी लेक १८५८ साली जन्मली. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारा हा बाप कुटुंब घेऊन तीर्थं हिंडत, पुराणं सांगत राहिला. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ साली आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण. आईचं प्रेत उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, एक खांदा भावाने दिला, चौथा रमाबाईंनी. उंची कमी म्हणून त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. त्यानंतर भाऊ-बहीण पायी हिंदुस्थान हिंडले. पंजाबात झेलमकाठच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून जमिनीत खड्डे खणून, डोकी तेवढी बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून ती दोघं निजली.

हे वाचून ‘देवाने त्यांना घडवलं’ असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. त्या दुष्काळाने रमाबाईंच्या हाती कोणतीही श्रद्धा दिली नाही. होती तीच मोडली. इतकी व्रतं, इतकी दानं, इतकी स्नानं करून आईबाप अन्नावाचून मेले, हे त्यांना विसरता आलं नाही. पुढे १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा त्यांची लेक मनोरमा अजून वर्षाचीही नव्हती. दुःख आपल्याआप कुणाला मोठं करत नाही. त्याने कडू झालेली, कोरडी पडलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तिथेही वाट सोपी नव्हती. धर्मगुरूंनी सांगितलं ते मुकाट्याने मानायचं, हे त्यांना जमलं नाही. प्रश्न विचारत राहिल्या. परतल्यावर १८८९ साली मुंबईत मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९३ साली मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गदारोळ झाला आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. इकडच्यांना त्या परक्या, तिकडच्यांना हट्टी. स्वतः रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. मला ही कबुली फार मोलाची वाटते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संकटापासून धीर, धीरापासून शील, शीलापासून आशा असा क्रम लावला आहे. तो क्रम आपण एका दमात वाचतो. रमाबाईंना आईच्या मरणापासून त्या आशेपर्यंत यायला सतरा वर्षं लागली.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली उपासमारीने मरताहेत, काही विकल्या जाताहेत, असं कळलं. रमाबाई तिकडे गेल्या. गोठ्यांपेक्षा वाईट निवाऱ्यांत पडलेली, हाडांचा सापळा झालेली पोरं त्यांनी पाहिली. ती भूक त्यांना ओळखीची होती. त्या मुलींना घेऊन आल्या तर पुण्यात प्लेग. अधिकाऱ्यांनी इतक्या मुली शहरात ठेवू दिल्या नाहीत. केडगावला फळबागेसाठी घेऊन ठेवलेली जमीन होती, तिथे तंबू आणि छपरं उभी राहिली. ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली ती अशी, दुष्काळ आणि प्लेग यांच्या कात्रीत. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींना ब्रेल, सगळं त्याच माळावर.

आत्मिक वाढ म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हा प्रवास दाखवीन. स्वतःची भूक विसरली नाही, तिचा अभिमानही धरला नाही, तिच्या जोरावर दुसऱ्याची भूक ओळखली. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. दुःखाची कारणं समजावू लागले तिथे चुकले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. आपल्या मंडळ्यांत मयताच्या घरी ‘देवाची इच्छा’ हे शब्द फार लवकर बोलले जातात. चूल पेटली आहे का, हे आधी पाहावं.

शेवटची वर्षं रमाबाईंना ऐकू येईनासं झालं होतं. नव्याने वाचायला शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत त्या इब्री आणि ग्रीकवरून बायबल उतरवत होत्या, आणि मुक्तीच्याच बायका ते छापत होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळिशीची, शारदा सदन सांभाळणारी एकुलती लेक. आईने काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

मुक्ती मिशन आजही केडगावात चालू आहे. तिथे गेलात तर एक विनंती आहे. तिथल्या मुलींना त्यांची दुःखं विचारू नका. काय शिकता, पुढे काय व्हायचंय, ते विचारा, आणि शक्य असेल तर त्या शिक्षणाचा थोडा भार उचला.